कास्टिंगचे दोष फोटोवरून आणि ठोक्याच्या आवाजावरून ओळखणे : सीएनएन कॉम्प्युटरवर पास, लाइनवर नापास का?

#१ उद्यमबाग_क्यूसी

नमस्कार मंडळी. पार्ट आहे पंपाची बॉडी, फ्लँजचा व्यास १८० मिमी, ग्रीन सँड मोल्डिंग (ओल्या वाळूचा साचा), एफजी २६० म्हणजे राखाडी बीड. शिफ्टला ४०० नग. हाच पॅटर्न एसजी ५००/७ या गोळेदार ग्रॅफाइटच्या बिडातही ओततात. दोन गोष्टी आपोआप ओळखायच्या आहेत. पहिली, शॉट ब्लास्टनंतर (छर्रे मारून नग साफ केल्यावर) वरून दिसणारे ब्लोहोल (वायूने पडलेली पोकळी), पिनहोल (टाचणीएवढं भोक), वाळूचे खड्डे आणि कोल्डशट (धातूचे दोन प्रवाह नीट न जुळल्याची खूण). दुसरी, एसजीच्या नगात ग्रॅफाइटचे गोळे नीट झालेत का आणि आत तडा आहे का, जे आज हातोडीने ठोकून कानाने ठरवतात.

मोबाईलवर काढलेले ६०० फोटो आहेत, ३०० चांगल्या नगांचे आणि ३०० रिजेक्टचे. रेसनेट-५० हे तयार सीएनएन (फोटोतले नमुने शिकणारं न्यूरल नेटवर्क) घेऊन शिकवलं, अचूकता ९७ टक्के आली. लाइनवर लावलं तर चांगले नग बाहेर काढतं आणि पिनहोलवाले सोडून देतं. मॉडेल मोठं घ्यावं की फोटो वाढवावेत?

#२ मच्छे_व्हिजन

दोन्ही नको, आधी हिशेब करून बघा. २४० मिमी रुंदीचा फोटो रेसनेटला देताना २२४ पिक्सेलवर आणला, म्हणजे एका पिक्सेलात एक मिमीहून जास्त भाग बसला. तुमचं पिनहोल अर्धा मिमी. ते अर्धा पिक्सेल झालं, म्हणजे आजूबाजूच्या राखाडी रंगात मिसळून गेलं. नेटवर्कच्या तोंडापर्यंत दोष पोचलाच नाही, मग मॉडेल ५० थरांचं असो की १५० चं, ते काय ओळखणार? मोबाईलमध्ये १२ मेगापिक्सेल होते, पण ते शिकवण्याआधीच फेकले गेले.

साधा नियम असा की पकडायचा सगळ्यात लहान दोष किमान ४-५ पिक्सेल रुंद दिसला पाहिजे. अर्ध्या मिमीसाठी पिक्सेलमागे ०.१ मिमी. ५ मेगापिक्सेलचा औद्योगिक कॅमेरा २४४८ × २०४८ चा असतो, म्हणजे २४५ × २०५ मिमीचं क्षेत्र दिसेल. १८० चा फ्लँज त्यात आरामात बसतो. फोटो लहान करायचा नाही, त्याचे २५६ × २५६ चे तुकडे पाडायचे आणि शेजारचे तुकडे ३२ पिक्सेल एकमेकांवर येऊ द्यायचे, म्हणजे दोष नेमका कडेवर आला तरी निसटत नाही. आडवे ११, उभे ९, एका फोटोचे ९९ तुकडे. चार बाजूंनी चार फोटो धरले तर नगाला ३९६.

वेळेची काळजी करू नका. शिफ्टला ४०० नग म्हणजे एका नगाला ७२ सेकंद. मोबाईलनेट व्ही-२ सारखं हलकं नेटवर्क साध्या आय-फाइव्ह पीसीवरही तेवढ्यात सगळे तुकडे बघून मोकळं होतं.

आता एक प्रश्न. रिजेक्टचे ३०० फोटो इन्स्पेक्टरने नग बाजूला काढल्यावर घेतलेत का? त्यावर खडूची खूण आहे का?

#३ उद्यमबाग_क्यूसी

हो की. पिवळ्या खडूने गोल किंवा फुली असते. चांगल्या नगांवर काही नसतं.

#४ मच्छे_व्हिजन

मग ते ९७ टक्के खडूचे आहेत. ग्रॅड-कॅम चालवून बघा. नेटवर्कने फोटोतला कुठला भाग बघून निर्णय घेतला ते तो रंगवून दाखवतो. लाल डाग दोषावर न पडता खडूवर, रिजेक्टच्या पेटीच्या कडेवर किंवा मागच्या फरशीवर पडेल. सीएनएनला आपल्याला हवा तो फरक कळत नाही, त्याला सगळ्यात सोपा फरक सापडतो.

फोटो आधी आणि तपासणी नंतर, हाच क्रम ठेवा. शॉट ब्लास्टमधून नग बाहेर आला की लगेच, चांगला-वाईट ठरायच्या आधी, एकाच जागी, एकाच पार्श्वभूमीवर फोटो. नगाचा अनुक्रमांक फोटोच्या नावात. इन्स्पेक्टरचा निकाल मागाहून त्या क्रमांकापुढे भरायचा.

मोबाईलही बाजूला ठेवा. तो आपल्या मनाने कडा धारदार करतो, सावल्या उजळतो, फोकस हलवतो. कॅमेरा घट्ट बसवलेला हवा आणि एक्स्पोजर, गेन, फोकस तिन्ही लॉक. ऑटो काहीही नको.

उजेडाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धं काम तिथेच होतं. शॉट ब्लास्ट केलेला पृष्ठभाग मंद राखाडी आणि बारीक खडबडीत असतो. डोक्यावरून सरळ उजेड टाकला तर पिनहोल आणि तो खडबडीतपणा सारखेच दिसतात. दोन पट्टी-एलईडी पृष्ठभागाशी १५ ते २५ अंशांच्या कोनात समोरासमोर लावा आणि एका वेळी एकच पेटवून दोन फोटो घ्या. तिरप्या उजेडात खड्ड्याची लांबची भिंत उजळते आणि जवळच्या कडेमागे काळी सावली पडते. दिवा दुसऱ्या बाजूचा लावला की सावली उलटी होते. डाग असेल तर दोन्ही फोटोंत जागच्या जागी तसाच राहतो. खड्डा की डाग, हा फरक हे दोन फोटो नेटवर्कच्या दोन चॅनेलमध्ये एकावर एक दिले की ते फार लवकर शिकतं.

जवळून पाहिलं तर प्रत्येक दोषाचं रूप वेगळं असतं. ब्लोहोलची आतली भिंत गुळगुळीत. वाळूच्या खड्ड्याचा तळ खरखरीत, कधी पांढुरके कण चिकटलेले. कोल्डशटला ओठ दुमडल्यासारखी गोल कड, तर तड्याची कड धारदार आणि वेडीवाकडी. आणखी एक, खड्ड्यात ब्लास्टिंगचा छर्रा अडकला तर तिथे काळ्याऐवजी चमकता ठिपका दिसतो. असे नग शिकवण्याच्या संचात नसतील तर नेटवर्क त्यांना खुशाल चांगलं म्हणतं.

शॉपमध्ये जुन्या चोकच्या ट्यूबलाइट असतील तर त्या सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एक्स्पोजर १० मिलिसेकंदाच्या पटीत ठेवा, नाहीतर कॅमेऱ्याभोवती काळा पडदा लावून स्वतःचा डीसी ड्रायव्हरवरचा एलईडीच वापरा. पडदा जास्त भरवशाचा. दुपारचं ऊन शेडच्या पत्र्यातून आत येतं, त्यावरही तोच उपाय.

#५ ओतकाम_गणेशपूर

व्हिजन साहेबांचं पटलं. लेबलिंगबद्दल मात्र कोणी बोललं नाही, आणि आपल्या बेळगाव भागात गोची तिथेच होते. एकाच दोषाला मराठी कामगार एक म्हणतो, कन्नड बोलणारा दुसरं, बाहेरून आलेला तिसरं. 'होल' या एका शब्दात ब्लोहोल, पिनहोल, श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) आणि वाळूचा खड्डा सगळं घालतात. रजिस्टरमधून लेबलं उचलली तर नेटवर्क तो गोंधळच शिकणार.

नावं सोडा, आकडे द्या. प्रत्येक दोषाचे सहा-सहा फोटो छापून तक्ता भिंतीवर लावा, वर मोठा आकडा, खाली मराठीत आणि कन्नडमध्ये नाव. इन्स्पेक्टर फक्त आकडा भरेल. सुरुवातीला १०० नग दोन इन्स्पेक्टरांना वेगवेगळे दाखवा, एकमेकांचं न बघता. त्यांचंच १५ नगांवर जुळत नसेल, तर नेटवर्ककडून ९९ टक्क्यांची अपेक्षा कुठल्या आधारावर धरायची? आधी त्या १५ नगांवर बसून नियम ठरवा.

दुसरं, 'दोष आहे का' आणि 'नग रिजेक्ट आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फ्लँजच्या तोंडावर ३ मिमी मशीनिंग अलाउन्स (नंतर कापायला ठेवलेला जास्तीचा धातू) असेल तर वरचं उथळ पिनहोल टर्निंगमध्ये निघून जातं. तेच सीलिंगच्या खाचेजवळ खोलवर असेल तर पंप गळतो. म्हणून नेटवर्कला फक्त दोष, त्याची जागा आणि आकार सांगू द्या. ड्रॉइंगवरून झोनचा नकाशा करा आणि झोन 'अ' मध्ये किती, 'ब' मध्ये किती चालेल हा नियम वेगळ्या तक्त्यात ठेवा. ग्राहकाने नियम बदलला तर तक्ता बदलायचा, नेटवर्क पुन्हा शिकवायला नको.

यासाठी तुकड्याला नुसतं चांगला-वाईट म्हणण्यापेक्षा पिक्सेल रंगवणारं यू-नेट बरं. ते २०१५ साली वैद्यकीय प्रतिमांसाठी निघालं, थोड्या फोटोंवर चांगलं शिकतं आणि दोषाचं क्षेत्रफळ चौरस मिमीमध्ये काढता येतं. रंगवायला वेळ लागतो हे खरं. एका दोषाला एक मिनिट धरा.

#६ सिग्नल_टिळकवाडी

आवाजाच्या भागाबद्दल मी लिहिते. इथेही चूक तीच होते, फक्त पिक्सेलच्या जागी हर्ट्झ.

ठोकल्यावर नग ज्या वारंवारतांवर वाजतो त्या आकारावर आणि धातूच्या ताठपणावर ठरतात. वारंवारता ही ताठपणा भागिले घनता, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. चांगल्या एसजीमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला ५,५०० ते ५,७०० मीटर, पाकळीदार ग्रॅफाइटच्या राखाडी बिडात तो बराच कमी, ४,५०० च्या आसपास. गोळे करणारं मॅग्नेशियम कमी झालं आणि गोळे बिघडले की सगळ्या वारंवारता एकदम खाली सरकतात. ४,००० हर्ट्झला वाजणारा नग पूर्ण बिघडल्यावर ३,२०० च्या आसपास येईल, अर्धवट बिघडला तर मधे कुठेतरी. तड्याचं तसं नसतं. तडा काही मोड (नगाच्या कंपनाचे प्रकार) खाली ओढतो, काहींना हात लावत नाही, एखादं शिखर (आलेखातली ठळक वारंवारता) फोडून दोन करतो आणि आवाज लवकर विझतो. म्हणजे सगळी शिखरं एका प्रमाणात सरकली तर धातू बघा, त्यांच्यातलं गुणोत्तर बिघडलं तर तडा बघा.

बहुतेक जण इंटरनेटवरचा कोड उचलून मेल-स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या वारंवारतांचं वेळेनुसार चित्र, काढतात. मेल ही माणसाच्या कानाची पट्टी, बोलणं ओळखायला उत्तम. २४ किलोहर्ट्झपर्यंत ६४ पट्टे केले तर ८ किलोहर्ट्झजवळ दोन पट्ट्यांत सुमारे ४८० हर्ट्झचं अंतर पडतं. तडा शिखराला ५० हर्ट्झने सरकवत असेल तर ते तिथेच गडप झालं. सरळ रेषेची पट्टी वापरा.

४८ किलोहर्ट्झने अर्धा सेकंद रेकॉर्ड करा, २४,००० नमुने. खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा तुकडा, ४,०९६ नमुन्यांची, म्हणजे ११.७ हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो. पुढच्या खिडकीपर्यंतची उडी ५१२ ची. १ ते १६ किलोहर्ट्झ एवढाच भाग ठेवला तर उंची १,२८० आणि रुंदी ३९ अशी प्रतिमा मिळते. हीच नेटवर्कला द्यायची. पूलिंग, म्हणजे शेजारचे आकडे एकत्र करून प्रतिमा लहान करणं, वेळेच्या दिशेने करा, वारंवारतेच्या दिशेने हात आखडता ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोटोत पिनहोल डावीकडे असो की उजवीकडे, ते पिनहोलच. कन्व्होल्यूशनची ताकद तीच, एकच छोटी चाळणी सगळीकडे फिरते आणि शेवटी सरासरी घेताना जागा विसरली तरी चालतं. आवाजात जागा हीच माहिती आहे. ४,००० वरचं शिखर आणि ३,८०० वरचं शिखर दिसायला सारखीच असतात, फरक फक्त कुठे आहे याचा. शेवटी ग्लोबल अ‍ॅव्हरेज पूलिंग लावलं की नेटवर्क नेमकं तेच विसरतं. म्हणून वारंवारतेच्या दिशेने सरासरी घेऊ नका, किंवा दुसऱ्या चॅनेलमध्ये प्रत्येक ओळीचा वारंवारता-आकडा भरून द्या. डेटा वाढवतानाही हेच भान ठेवा. फोटो उलटा-सुलटा फिरवलेला चालतो, आवाजाची पट्टी वर-खाली केलेली चालत नाही. तसं केलं तर चांगल्या नगाचा आवाज बिघडलेल्या नगाचा होतो आणि लेबल मात्र चांगल्याचंच राहतं.

#७ उद्यमबाग_क्यूसी

ताई, शॉपमध्ये नॉकआउट (साचा फोडून नग काढायचं यंत्र) आणि कॉम्प्रेसर चालू असतात. माइक कुठे लावायचा? आणि हातोडी हाताने चालेल का?

#८ सिग्नल_टिळकवाडी

हाताने चालेल, पण सोलेनॉइडवर बसवलेली छोटी हातोडी लावली तर रोजची कटकट जाते. टोक कडक स्टीलचं घ्या, रबरी किंवा नायलॉनचं टोक वरच्या वारंवारता उठवतच नाही. नग तीन रबरी ठोकळ्यांवर, दर वेळी त्याच जागी. लोखंडी टेबलावर किंवा पॅलेटवर ठेवलेला नग टेबलाचा आवाज देतो.

माइक १० ते १५ सेंटीमीटरवर, भोवती आतून फोम लावलेली प्लायवूडची पेटी. आवाज फारच असेल तर रबरी ठोकळ्यांपैकी एकाजवळ नगाला टेकणारा अ‍ॅक्सिलरोमीटर लावा, तो हवेतला गोंगाट फारसा ऐकत नाही. दोनदा आपटलेले आणि रेकॉर्डिंगची हद्द ओलांडून कापले गेलेले ठोके प्रोग्रॅमनेच नाकारून पुन्हा ठोकायला लावायचे. न ठोकता नुसत्या गोंगाटाची २०० रेकॉर्डिंग घ्या आणि 'ठोका नाही' हा वेगळा वर्ग करा.

नग कोमट असेल तर वारंवारता खाली येते, म्हणून हाताला थंड लागेपर्यंत थांबा. वजनही घ्या. रनरचा (धातू वाहायच्या वाटेचा) तुकडा किंवा जाड फ्लॅश (साच्याच्या जोडातून बाहेर आलेला धातू) राहिली तरी शिखरं हलतात आणि नेटवर्क त्याला खराब धातू समजतं.

शेवटी एक. एसजीची गोळाई एवढंच बघायचं असेल तर आधी साधं करून बघा. दोन-तीन ठळक शिखरं शोधा आणि ठरलेल्या हद्दीत आहेत का ते तपासा. एका पार्टसाठी बहुधा तेवढ्यात भागतं. सीएनएन तड्यासाठी राखा, तिथे शिखर फुटणं आणि लवकर विझणं असे बारकावे हाताने नियमात बसवणं अवघड जातं. लेबलसाठी मात्र कान प्रमाण धरू नका. नग कापून मायक्रोस्कोपखाली गोळाई मोजा, पृष्ठभागावरच्या तड्यासाठी डाय पेनिट्रंट (रंग) किंवा मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबक आणि लोहकण) तपासणी करा, आतल्या तड्यासाठी अल्ट्रासॉनिक किंवा एक्स-रे.

#९ अथणी_मेंटेनन्स

थोडं विषयांतर. साखर कारखान्यातल्या पंपांच्या मोटर-बेअरिंगसाठी हेच चालेल का? केस वेस्टर्न विद्यापीठाच्या खुल्या बेअरिंग डेटावर ९९ टक्के आले.

#१० सिग्नल_टिळकवाडी

चालेल, पण त्या ९९ वर जाऊ नका. त्या डेटात तेच बेअरिंग शिकवण्यातही असतं आणि परीक्षेतही, फक्त सिग्नलचे तुकडे वेगळे. नेटवर्क बिघाडाऐवजी ते एक बेअरिंग ओळखायला शिकतं. एका पंपावर शिकवा आणि दुसऱ्या पंपावर तपासा, मग खरा आकडा कळेल.

६२०५ बेअरिंग १,४४० आरपीएमवर असेल तर फेरा २४ हर्ट्झ, बाहेरच्या रिंगचा ठोका त्याच्या ३.५८५ पट म्हणजे ८६ हर्ट्झ, आतल्या रिंगचा ५.४१५ पट म्हणजे १३०. एन्व्हलप स्पेक्ट्रममध्ये (ठोके किती वेगाने पुन्हा येतात ते दाखवणारा आलेख) ही शिखरं दिसतात का ते आधी डोळ्यांनी बघा आणि मग तोच स्पेक्ट्रम नेटवर्कला द्या. कच्चा सिग्नल दिला तर लोड बदलताच गडबडतं. उसाच्या रोलरला हे लावू नका. मिनिटाला चार-पाच फेऱ्यांत अर्ध्या सेकंदाच्या खिडकीत एक ठोकासुद्धा येत नाही.

#११ मच्छे_व्हिजन

ताईंनी तुकड्यांची गोष्ट काढली, ती कास्टिंगलाही तशीच लागू. एका नगाचे ३९६ तुकडे सरसकट पिसून शिकवणे आणि परीक्षा असे वाटू नका. एकाच नगाचा शेजारचा तुकडा दोन्हीकडे गेला की गुण फुगतात. हीट नंबरप्रमाणे वाटा, हीट म्हणजे भट्टीत एकदा वितळवलेला धातू. एका हीटचे सगळे नग एकाच बाजूला. एका हीटमधली वाळू, तापमान, इनॉक्युलेशन (ओतण्याआधी धातूत टाकायची पूड) सारखं असतं, त्यामुळे दोषांचा तोंडवळाही सारखा असतो.

'अचूकता' हा आकडा टाळा. १,००० नगांत २० खराब असतील तर सगळ्यांना चांगलं म्हणणारं मॉडेलही ९८ टक्के अचूक. खराबपैकी किती पकडले आणि चांगल्यापैकी किती उगाच काढले, हे दोनच आकडे लिहा. समजा २० पैकी १९ पकडले आणि ९८० चांगल्यांपैकी ३ टक्के, म्हणजे २९, उगाच काढले. ४८ नग बाजूला पडले. इन्स्पेक्टरला १,००० ऐवजी ४८ बघायचे, हे चालण्यासारखं आहे. पण तो एक सुटलेला नग सीलिंगच्या झोनमधला आहे का, ते स्वतंत्र मोजा.

तुकड्यांचा एक सापळा सांगतो. तुकड्यामागे हजारात एकच चूक होत असेल तर छान वाटतं. पण ३९६ तुकड्यांपैकी एक तरी चुकण्याची शक्यता ३३ टक्के होते, म्हणजे दर तिसरा चांगला नग बाहेर. ही चूक दहा हजारांत एक एवढी खाली आणावी लागते, तेव्हा नगामागे चार टक्क्यांच्या आत येते. त्यासाठी चांगल्या नगांवरचे जे तुकडे मॉडेलने उगाच पकडले ते गोळा करून 'चांगले' या लेबलसकट पुन्हा शिकवा. पॅटर्नवरचा नंबर, व्हेंटची (वायू जायच्या भोकाची) खूण, पार्टिंग लाइन (साच्याच्या जोडाची रेघ), चॅपलेटचा (गाभ्याला आधार देणाऱ्या तुकड्याचा) ठसा, यांच्यावरच बहुतेक खोट्या घंटा वाजतात. दोन-तीन फेऱ्यांत फरक दिसतो.

शिकवण्याची पद्धत फार गुंतागुंतीची नको. आधीच शिकलेलं मोबाईलनेट घ्या, पहिल्या पाच फेऱ्या (सगळा डेटा एकदा दाखवला की एक फेरी) फक्त शेवटचा थर ०.००१ या शिकण्याच्या दराने, मग सगळं मोकळं सोडून ०.०००१ ने. बॅच ३२, म्हणजे एका वेळी ३२ तुकडे. प्रत्येक बॅचमध्ये निदान चौथा हिस्सा दोषाचे तुकडे येतील असं बघा.

#१२ ओतकाम_गणेशपूर

पावसाळ्याचं विसरू नका. जूनपासून बेळगाव-खानापूरकडची हवा अशी असते की ब्लास्ट केलेला नग रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस होतो. मार्च-एप्रिलच्या फोटोंवर शिकलेलं मॉडेल गंजाच्या ठिपक्याला पिनहोल म्हणतं. ब्लास्टनंतर अर्ध्या तासात फोटो घ्या आणि शिकवण्याच्या संचात पावसाळी नगही मुद्दाम घाला. तिरप्या दिव्यांचे दोन फोटो इथे फार कामाला येतात, गंजाला सावली नसते.

याच महिन्यांत वाळूची ओल हाताबाहेर जाते आणि ब्लोहोल खरोखरच वाढतात. म्हणून रिजेक्शन वाढलं की लगेच मॉडेलला दोष देऊ नका, आधी वाळूची ओल आणि परमिएबिलिटी (वाळूतून वायू निघून जाण्याची क्षमता) बघा.

#१३ उद्यमबाग_क्यूसी

सगळ्यांचे आभार. जुने ६०० फोटो बाजूला ठेवले. सुरुवातीला किती नग लागतील? आणि मॉडेल घसरलं हे रोज कसं कळणार?

#१४ मच्छे_व्हिजन

प्रत्येक दोषाचे किमान १५० ते २०० वेगवेगळे नग, निदान २० हीटमधून. चांगले नग ५०० पुरेत. एकाच हीटचे २०० ब्लोहोल मिळाले तर ते २०० धरू नका. कोल्डशट कमी मिळतील, त्यासाठी ओतणं संपताना लॅडलमध्ये राहिलेल्या थंड धातूचे नग राखून ठेवा.

घसरण कळायला १२ मास्टर पीस काढा. आठ खराब, प्रत्येक दोषाचे दोन, आणि चार चांगले. शिफ्ट सुरू होताना तेच बारा कॅमेऱ्याखाली. एकाचाही निकाल बदलला तर आधी काचेवरची धूळ पुसा, मग दिव्याची तीव्रता बघा, मग कॅमेरा हलला का बघा. मॉडेलला हात सगळ्यात शेवटी.

#१५ ओतकाम_गणेशपूर

मास्टर पीसना गंज लागू नये म्हणून तेल लावाल, तर ते लावू नका. तेलाने चमक बदलते, खड्डे भरतात आणि सकाळी बाराही नग चुकीचे दिसतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पावसाळ्यात पुड्या दर आठवड्याला भट्टीजवळ वाळवून घ्या.